लुवेनियाचं पोपटी टिंब

लुवेनिया क्रम्पला कुणी विचारलं, की बाई, तू करतेस काय, तर ती सांगायची, "मी ओरडते. पण तोंडाने नाही."

तोंडाने ती तशी कमीच बोलायची, आणि जे बोलायची ते टोचायचं. पण मेम्फिसच्या दक्षिणेकडच्या त्या वस्तीत विजेचा एक खांब असा नव्हता, ज्यावरून लुवेनिया ओरडत नव्हती. लिटल एश्कोल चर्चचं तळलेल्या माशांचं जेवण असो, शाळेच्या बँडला नवे गणवेश हवे असोत, नाहीतर कुणाच्या सलूनचं उद्घाटन असो, तिच्या गॅरेजमधून जाड पुठ्ठ्याची पोस्टरं निघायची आणि सकाळी खांबाखांबावर जाऊन बसायची. वर राणी रंग, मध्ये नारिंगी, खाली पोपटी. तिन्ही एकमेकांत असे उतरत गेलेले, की एक कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला, ते बोट ठेवून सांगता येऊ नये. त्यावर काळी अक्षरं. एकेक अक्षर कमरेवर हात ठेवून वाट अडवणाऱ्या बाईसारखं.

सगळं हातानेच. लाकडी चौकटीवर ताणलेल्या जाळीत तिन्ही शाया शेजारी शेजारी ओतायच्या आणि रबराची पट्टी एका दमात खाली ओढायची. मध्ये थांबलं की पुठ्ठा फुकट. ओढताना ती मनातल्या मनात प्रार्थना म्हणायची. 'आमेन'ला पट्टी खालच्या कडेला पोचली पाहिजे, असा तिचा हिशेब होता.

तिचा नवरा रेफर्ड शहराची बस चालवायचा. तो होता तोवर पोस्टरची परीक्षा तोच घ्यायचा. बस न थांबवता आणि मान न वळवता त्याला तीन गोष्टी वाचता आल्या पाहिजेत: काय, कुठे, कधी. "वाचता आलं तर चांगलं," तो म्हणायचा, "आणि वाचता वाचता पुढच्या गाडीला ठोकली तर फारच चांगलं." देवाच्या दयेने त्याने कधी ठोकली नाही. तो गेल्यावर लुवेनिया स्वतः बसस्टॉपवर उभी राहून ड्रायव्हर लोकांच्या तोंडाकडे बघायची. ड्रायव्हरच्या भुवया वर गेल्या, की समाधानाने घरी यायची.

एकच काम ती घेत नसे, ते म्हणजे मयताच्या पत्रिका. त्या मिस्टर पीबल्स छापून आणायचे. वस्तीत कुणी गेलं की शवपेटीपासून फुलांपर्यंत सगळी व्यवस्था त्यांच्याकडे असायची. त्यांच्या सगळ्या पत्रिका एकाच छापाच्या असत. फिकट निळं आभाळ, पांढरे ढग, मधोमध गेलेल्या माणसाचा हसरा फोटो, त्याखाली दोन सालं, आणि दोऱ्यासारखी बारीक अक्षरं. घराघरांतल्या बायबलच्या पानांत अशी आभाळं जपून ठेवलेली होती. "मेलेल्यासाठी कशाला ओरडायचं?" लुवेनिया म्हणायची. "त्याची काही बस चुकणार नाही."

लिटल एश्कोलचे पास्टर, रेव्हरंड स्पायव्ही, वयाने तरुण होते. पाच वर्षांपूर्वी आले, तेव्हापासून आजाऱ्याच्या घरी न बोलावता जायचे, प्रवचनही चांगलं करायचे, फक्त ते संपवायचं कसं हे त्यांना सुचत नसे. एका रविवारी प्रार्थनेनंतर हॉलमध्ये केक कापलेला असताना ते लुवेनियाशेजारी येऊन बसले. समोर डीकन गेन्स होते. ते चर्चच्या कारभारी मंडळींतले सगळ्यांत जुने. आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत मदर बिब्ज होत्या. त्यांचं वय त्यांनाही ठाऊक नव्हतं, आणि विचारायची कुणाची छाती नव्हती.

"सिस्टर क्रम्प, राग मानू नका," पास्टर म्हणाले.

"राग मानू नका म्हणालात, की मी आधीच मानून ठेवते. बोला."

"माझ्या सेवेचा वाढदिवस येतोय, इथे येऊन पाच वर्षं होतील. दुसऱ्या चर्चची माणसं येतील, बाहेरचे पास्टर येतील. या खेपेला पोस्टर जरा... शांत करता येईल का? आपली पोस्टरं फार मोठ्याने बोलतात."

"आपली गाणारी मंडळीसुद्धा."

डीकन गेन्स केक खाता खाता खोकले.

"तसं नाही हो. मी मासिकं बघतो, टीव्ही बघतो. तिथे सगळं कसं सौम्य असतं. मोकळी पांढरी जागा, नाजूक अक्षरं." पास्टर जरा थांबले, आणि मग त्यांच्या तोंडून ते निघून गेलं. "तुमचं काम खरंच इतकं मोठं असतं, तर ते एव्हाना कुठेतरी दिसलं नसतं का?"

लुवेनियाच्या हातातला काटा थांबला. हाच प्रश्न ती गेली कितीतरी वर्षं भांडी घासताना स्वतःला विचारत आली होती.

कारण दिसायची संधी आली नव्हती असं नाही. कोपऱ्यावरच्या दुकानाला आग लागली, तेव्हा टीव्हीवाली बाई बरोबर तिच्या पोस्टरपुढे उभी राहून बोलली होती. लुवेनियाने सगळ्या गल्लीला टीव्हीपुढे बसवलं. बातमी लागली, तर बाईच्या मागे धुक्याचा एक गोळा. फुकट जाहिरात होते म्हणून ते पुसावं लागतं, असं चॅनेलने फोनवर अगदी गोड बोलून सांगितलं. बँडच्या मिरवणुकीला वर्तमानपत्रवाला आला. त्याने फोटो खांबाच्या अलीकडेच कापला, कारण पानावर जागा नव्हती. पुढच्या वर्षी जागा होती, तर फोटो काळा-पांढरा छापला. छापताना रंग रंगावर नीट बसत नाहीत म्हणाला. दरवेळी माणसं सभ्य, दरवेळी कारण पटण्यासारखं, आणि दरवेळी लुवेनिया गायब.

"पास्टर," लुवेनियाने काटा खाली ठेवला, "न्यूयॉर्कहून एका मासिकाची माणसं येतायत माझ्याकडे. सगळ्या देशात जातं ते. खास अंक काढतायत, ज्या चित्रकारांकडे कुणाचं लक्ष गेलं नाही त्यांच्यावर. त्यात माझं एक तरी पोस्टर छापून आलं, तर माझ्या रंगांबद्दल पुन्हा बोलायचं नाही. नाही आलं, तर तुमच्या वाढदिवसाचं काम द्या कुणाला द्यायचंय ते. आणि त्यानंतरचं सगळंच."

"सगळंच?" डीकन गेन्स घाबरले. "माशांचंसुद्धा?"

"माशांचंसुद्धा."

"पैज चर्चच्या छपराखाली लावत नाहीत, लेकरांनो," मदर बिब्ज डोळे न उघडता म्हणाल्या. "अंगणात जा."

दोघं अंगणात गेली आणि हातात हात देऊन आली.

मासिकाची माणसं आली ती नखशिखांत काळ्या कपड्यांत. डीकन गेन्सनी त्यांना पाहून आधी टोपीच काढली. मिस हॅडली नावाची सडपातळ बाई आणि एक उंच फोटोवाला. गॅरेजचं दार वर गेलं, आणि दोरीवर वाळत घातलेली पोस्टरं पाहून मिस हॅडलीचे डोळे भरून आले.

"हे देशाने पाहिलंच पाहिजे!" ती म्हणाली.

"मी तेच म्हणतेय," लुवेनिया म्हणाली.

"किती धीट! किती जिवंत!" तिने डोळे पुसले. "आता ही जरा बाजूला घेऊ या का?"

"कशासाठी?"

"यांच्यापुढे तुम्ही दिसत नाही हो. आणि आमचा अंक तुमच्यावर आहे."

हे लुवेनियाला पटण्यासारखं वाटलं. पोस्टरं बाजूला झाली. मग फोटोवाला म्हणाला, तुमची नारिंगी टोपी डोळ्यांत घुसते. टोपी गेली. मग कपडे काळे असते तर बरं, असं निघालं. लुवेनियाकडे काळा एकच झगा होता, रेफर्डच्या मयताला घातलेला. तो घातला. शेवटी उरली भिंत. गॅरेजच्या त्या भिंतीवर लुवेनिया ओली पट्टी झटकायची. वर्षानुवर्षांचे राणी आणि नारिंगी फटकारे तिच्यावर बसले होते. फोटोवाल्याने गाडीतून पांढऱ्या रंगाचा डबा काढला.

"तो राणी रंग वर येतो हं," लुवेनियाने सांगितलं. "मी पूर्वी लावून पाहिलंय."

"आमचा रंग फार उंची आहे," तो म्हणाला.

एकेक मागणी इतकी लहान होती, की नाही म्हणायला तोंड उघडावं तर आपणच हट्टी दिसू. आणि खरं सांगायचं तर लुवेनियाला त्या अंकात यायचं होतं. फार यायचं होतं. म्हणून ओल्या पांढऱ्या भिंतीपुढे, काळ्या झग्यात, रिकाम्या हातांनी ती उभी राहिली.

"पोस्टर छापाल ना पण?" तिने विचारलं.

"म्हणजे काय! त्याशिवाय लेखाला अर्थ काय?" मिस हॅडलीने तिला कडकडून मिठी मारली, आणि मासिकवाले गेले. दुसऱ्या दिवशी भिंतीवर राणी रंग वर आला.

अंक हॉलमध्येच उघडला गेला. कव्हर पांढरं होतं. मधोमध करड्या रंगात काहीतरी लिहिलेलं होतं. मदर बिब्जच्या भिंगाखाली धरल्यावर कळलं, की ते 'न दिसणारे' असं आहे.

"बरोबर आहे," डीकन गेन्स म्हणाले, "नाहीच दिसत."

आत लुवेनिया होती. पांढरी भिंत, काळा झगा, आणि चेहरा असा, की पासपोर्ट मिळणार नाही हे नुकतंच कळलंय. खाली ओळ होती: लुवेनिया क्रम्प, आपल्या कामाच्या सहवासात. शेजारच्या पानभर लेखात तिचं कौतुक होतं. धीट, निर्भय, डोळे दिपवणारं. शेवटी लिहिलं होतं, की या कामाचं वर्णन शब्दांत करणं केवळ अशक्य आहे.

"मग चित्र छापायचं ना, बाई!" डीकन गेन्स पानावरच ओरडले.

लुवेनियाने पान उलटलं. पुढच्या पानावर साबणाची जाहिरात होती. आणखी एकदा मागेपुढे उलटून पाहिलं. पोस्टर नव्हतं. न्यूयॉर्कला फोन केला, तेव्हा मिस हॅडली हळहळली. टाकलं होतं हो आम्ही, म्हणाली. पण पानावर ठेवलं, की लेख कुणी वाचेना. सगळ्यांची नजर त्याच्यावरच जायची.

पास्टरांनी तिला खिजवलं नाही. तेवढा चांगुलपणा त्यांच्यात होता. "सिस्टर क्रम्प, इतक्या लांबून आले, इतकं कौतुक केलं," ते हळू आवाजात म्हणाले, "तरी त्यांनाही छापावंसं वाटलं नाही. याचा विचार करा." ते खरंच तिच्या भल्याचं बोलत होते, आणि तेच तिला सहन होईना.

घरी येऊन तिने जाळीच्या चौकटी धुतल्या आणि तोंड भिंतीकडे करून ठेवून दिल्या. मग खुर्चीत बसून देवाला म्हणाली, की तू मला हा एवढाच आवाज दिलास. तो नकोसा होता, तर आधी सांगायचं. गॅरेज इतकं शांत तिने कधी ऐकलं नव्हतं.

पास्टरांच्या पोस्टरचं काम अटलांटाच्या एका कंपनीला गेलं. लुवेनियाने ठरवलं, की ते लागलं तरी त्याच्याकडे बघायचं नाही. पण शुक्रवारी ती बसस्टॉपवर उभी होती. बस आली. ड्रायव्हरने समोरच्या खांबाकडे पाहिलं आणि त्याच्या भुवया जागच्या हलल्या नाहीत. त्याने डोक्यावरची टोपी काढून छातीशी धरली.

लुवेनियाने वळून पाहिलं. रस्त्यापलीकडच्या खांबावर फिकट निळं आभाळ होतं. पांढरे ढग. मधोमध रेव्हरंड स्पायव्हींचा हसरा फोटो. खाली दोन सालं, आणि खाली काहीतरी बारीक, करडं.

"अगं आई गं," लुवेनिया बसस्टॉपच्या खांबालाच टेकली. "गेला बिचारा!"

हे अटलांटाचं पोस्टर असेल, असं तिच्या मनातसुद्धा आलं नाही. तिला वाटलं, पास्टरांचं मयत म्हणजे मोठं, म्हणून पीबल्सनी या वेळी पत्रिका मोठी छापून खांबावर लावली. पोस्टर यायच्या आधीच पोरगा गेला, आणि आपण पैजेवरून त्याच्याशी धड बोलत नव्हतो. रस्ता ओलांडून वाचावं एवढंही तिच्यात बळ उरलं नाही. घरी आली, रडत रडत लोणी फेसलं आणि केक भट्टीत टाकला.

शनिवारी सकाळी डीकन गेन्स दारात आले. काळा कोट, हातात पीचच्या गोडाचं भांडं. भांड्याच्या बुडाला नाव लिहिलेली चिकटपट्टी, म्हणजे दुःखाच्या घरून भांडं परत मिळेल.

"पाहिलंस?" ते म्हणाले.

"पाहिलं. कशाने हो?"

"कुणाला माहीत नाही. काल संध्याकाळपासून चर्चच्या ऑफिसातल्या फोनवर करतोय, उचलत नाहीत."

"मेल्यावर कसे उचलतील?"

"तेच म्हटलं मी. आणि छपाईवाल्यांनी घोटाळा केलाय. दोन सालांत पाचच वर्षांचं अंतर आहे."

"शोकात होतं असं," लुवेनिया म्हणाली, आणि तिने नाक पुसलं. "तसा दिसायचा लहानच."

पास्टरांच्या घरापुढे रांग लागली होती. तळलेली कोंबडी, शेवया, पालेभाजी, चीज घातलेली मॅकरोनी चार वेगवेगळ्या घरांतून आलेली, आणि तिचे चारही बनवणारे एकमेकांच्या भांड्यात डोकावत होते. घराला कुलूप होतं. पास्टरांची बायको वाढदिवसाला घालायची टोपी आणायला बहिणीकडे गेली होती, पण ते कुणाला ठाऊक नव्हतं. लोक म्हणाले, बिचारीला दवाखान्यात ठेवलं असेल. ओट्यावर पाय ठेवायला जागा उरली नाही. मदर बिब्जना कुणीतरी खुर्ची दिली होती आणि त्या पांढऱ्या झग्यात मधोमध बसल्या होत्या.

तेवढ्यात मिस्टर पीबल्सची लांब काळी गाडी येऊन थांबली. ते उतरले ते रागाने लाल.

"आमचं काय चुकलं ते तरी सांगा!" ते सगळ्या रांगेला उद्देशून म्हणाले. "या चर्चच्या तीन पिढ्या मी पोचवल्या. आणि पास्टरांना मात्र दुसऱ्याकडे दिलंत? कुणाकडे आहेत ते? नाव सांगा!"

"म्हणजे तुमच्याकडे नाहीत?" डीकन गेन्स.

"माझ्याकडे असते, तर मी इथे असतो का?"

"मग ती खांबावरची पत्रिका कुणी छापली?"

"मी कधी खांबावर पत्रिका लावलीय? मयताला गिऱ्हाईक बोलवायचं असतं का, गेन्स?"

लुवेनियाच्या डोक्यात तेव्हा पहिल्यांदा काहीतरी हललं. पण ते जागेवर बसायच्या आत रस्त्याच्या टोकाकडून शीळ ऐकू आली. रेव्हरंड स्पायव्ही न्हाव्याकडून येत होते. वाढदिवसासाठी केस ताजे कापलेले, मानेवर पावडर.

डीकन गेन्सच्या हातातून पीचचं गोड पायरीवर पडलं. एक बाई किंचाळून कुंपणाच्या झुडपातच बसली. मिस्टर पीबल्सनी पास्टरांना डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं आणि पुटपुटले, "काम चांगलं केलंय. पण केस जास्तच बारीक कापले."

"काय झालं?" पास्टर पांढरे पडले. ओट्यावरची भांडी, काळे कोट, मुसमुसणाऱ्या बायका. "कोण गेलं?"

मदर बिब्जनी एक डोळा उघडला. "मी म्हटलं होतं," त्या म्हणाल्या, "हा माणूस बोलणं संपवल्याशिवाय जायचा नाही."

लुवेनियाने केक पीबल्सच्या हातात दिला, पास्टरांचं मनगट धरलं आणि त्यांना कोपऱ्यापर्यंत ओढत नेलं. रस्त्याच्या अलीकडे उभं केलं. "ते बघा. जवळ जायचं नाही. इथून बघा, बसमधून बघितल्यासारखं."

पास्टरांनी ते पोस्टर हातात धरून शंभरदा पाहिलं होतं. रस्त्यापलीकडून कधी पाहिलं नव्हतं. ते बघत राहिले. आभाळ, ढग, हसू, दोन सालं. हळूच त्यांचा हात डोक्याकडे गेला. टोपी नव्हती, म्हणून नुसतेच केस चाचपून आला.

"खाली लिहिलंय हो," ते केविलवाणे म्हणाले. "सेवेचा वाढदिवस, रविवारी, सगळ्यांनी यावं."

"कुठे?"

"तिथे. करड्या अक्षरांत."

"ढगात?"

तेवढ्यात पास्टरांच्या खिशातला फोन वाजला. क्लार्क्सडेलहून त्यांची मावशी होती. त्यांचा आवाज ऐकून ती आधी देवाचं नाव घेत राहिली, आणि मग म्हणाली, की तुझी आई रडत गाडीत बसून निघालीय, आणि वाटेत प्रत्येक चर्चला कळवत येतेय. उद्याचे पाहुणे पास्टर कार्यक्रम रद्द करून फुलं पाठवतायत. पास्टरांनी फोन ठेवला. त्यांच्या लक्षात आलं, की उद्या सकाळपर्यंत आपण जिवंत झालो नाही, तर वाढदिवसाला आपण आणि मॅकरोनी एवढेच असू.

"सिस्टर क्रम्प," ते म्हणाले, "गॅरेज उघडं आहे का?"

"मी पैज हरलेय, पास्टर. हरले म्हणजे हरले. अटलांटाला विचारा."

"अटलांटा शनिवारी बंद असतं."

पास्टरांनी पुन्हा एकदा त्या ढगांकडे पाहिलं. "चूक झाली. ओरडायला माणूस लागतं, आणि आमच्याकडे तुम्ही एकच आहात. करता का?"

"आता कसं," लुवेनिया म्हणाली.

तिने त्यांना गॅरेजमध्ये शाईच्या उलट्या बादलीवर बसवलं आणि चौकटींची तोंडं आपल्याकडे फिरवली. "किती मोठ्याने पाहिजे?"

"मेलेला उठून वाचेल इतकं."

"एक उठलाच आहे," ती म्हणाली आणि शाईचे डबे उघडले.

पहिली पट्टी ओढली तेव्हा 'आमेन' बरोबर कडेला आलं. राणी, नारिंगी, पोपटी. त्यावर काळ्या धिप्पाड अक्षरांत: पास्टर स्पायव्ही जिवंत आहेत! रविवारी या, स्वतः बघा. उद्गारचिन्ह पुठ्ठ्याच्या उंचीएवढं, आणि त्याच्या खाली जेवणाच्या ताटलीएवढं गोल टिंब. ते टिंब काळं न करता तिने पोपटी ठेवलं, काळ्या कडेत, डोळा वटारल्यासारखं. दोरीवर पोस्टरं वाळत गेली तशी कोंबडी खात खात रांगच्या रांग गॅरेजशी आली आणि पुठ्ठे घेऊन खांबांकडे गेली. पीबल्सनी आपल्या काळ्या गाडीच्या दोन्ही बाजूंना एकेक लावलं. त्या गाडीवर 'जिवंत आहेत' वाचून दोन बसड्रायव्हर थांबले, आणि एकाने पुढच्या गाडीला हळूच ठोकली. कुणाला लागलं नाही. लुवेनियाने मनात रेफर्डला कळवलं.

रविवारी लिटल एश्कोलमध्ये उभं राहायला जागा नव्हती. जे पास्टरांना ओळखतही नव्हते, ते खात्री करून घ्यायला आले होते. आईने त्यांना वेदीसमोर धरून इतकं रडून घेतलं, की गाणारी मंडळी दोनदा सुरू होऊन दोनदा थांबली. प्रवचन नेहमीपेक्षा लांबलं आणि कुणी कुरकुरलं नाही.

बाहेर टीव्हीची गाडी उभी होती. सगळ्या देशात दिसणाऱ्या चॅनेलची. मेलेल्या पास्टरने प्रवचन केलं, ही बातमी त्यांना आवडली होती. वार्ताहर बाईने रेव्हरंड स्पायव्हींना चर्चच्या फाटकाशी उभं केलं आणि मग त्यांच्या मागे बघून कपाळाला आठी घातली.

"जरा या विटांच्या भिंतीपुढे येता का? ती मागची पाटी नजर ओढून घेते."

गर्दीत लुवेनिया उभी होती, नारिंगी टोपी घालून. तिने खाली बघितलं. पुढे काय होतं ते तिला पाठ होतं.

"ओढू दे," पास्टर म्हणाले. "ती त्याचसाठी आहे."

"पण तुम्ही दिसणार नाही."

"बाई, मी परवा खूप छान दिसत होतो. लोकांनी जेवण आणलं." ते जागचे हलले नाहीत. "इथेच घ्या, नाहीतर राहू द्या."

बाईने घेतलं.

संध्याकाळच्या बातम्यांना सगळं चर्च हॉलमध्ये उरलेली मॅकरोनी घेऊन बसलं. आले. पास्टर आले. पण कॅमेरा इतका जवळ गेला होता, की पडद्यावर कपाळापासून हनुवटीपर्यंत नुसते पास्टरच. अक्षर नाही, रंग नाही. लुवेनियाने ताटली मांडीवर ठेवली. मग पास्टरांनी बोलता बोलता मान जराशी वाकडी केली, आणि त्यांच्या उजव्या कानामागून, काळ्या कडेत, गोल, पोपटी असं काहीतरी वर आलं.

"टिंब!" डीकन गेन्स उभे राहिले. "लुवेनियाचं टिंब!"

हॉल उठला. बायकांनी रुमाल हलवले, कुणीतरी पियानो बडवला, आणि पडद्यावरचे पास्टर काय बोलले ते कुणालाच ऐकू आलं नाही. मदर बिब्जनी भिंग डोळ्याला लावलं. "कानामागे हिरवं काय झालंय त्याला?" त्या म्हणाल्या. "डॉक्टरला दाखवा."

"पैज मासिकाची होती," गोंधळ जरा कमी झाल्यावर लुवेनिया म्हणाली. "हा टीव्ही आहे. आणि नुसतं टिंब आहे. मी हरलेलीच आहे."

"मग मी हरल्यासारखं वागतो," पास्टर म्हणाले, आणि त्यांनी सगळ्यांसमोर माशांच्या जेवणाच्या तारखेची चिठ्ठी तिच्या हातात दिली.

पुढच्या महिन्यात ती त्याच माशांच्या पोस्टरवर असताना न्यूयॉर्कहून फोन आला. शाईचा हात वर धरून तिने खांद्याने फोन कानाशी दाबला. मिस हॅडली आनंदात होती. मेम्फिसच्या एका पोस्टरला यंदाचं मोठं पारितोषिक मिळालं होतं. पांढरे ढग, फिकट आभाळ. परीक्षकांनी लिहिलं होतं, की इतक्या मंद आवाजात बोलून एका अख्ख्या वस्तीला हलवणारं, लोकांना अन्न घेऊन घराबाहेर काढणारं काम गेल्या कित्येक वर्षांत झालं नाही.

लुवेनिया हसता हसता बादलीवर बसली. डोळ्यांतलं पाणी कोपराने पुसलं, तर कपाळावर राणी रंगाचा पट्टा उमटला.

"आम्ही ते खांबावरच्या फोटोसकट छापतोय," मिस हॅडली सांगत होती. "फक्त एक अडचण आहे. त्याच्या खालून तुमच्या एका जुन्या पोस्टरची कड दिसतेय. फार भडक आहे हो, सगळी नजर तिकडेच जाते. ती पुसली तर चालेल ना तुम्हाला?"

लुवेनियाने समोरच्या भिंतीकडे पाहिलं. फोटोवाल्याच्या उंची पांढऱ्या रंगाची आता एक चिंधीएवढी जागा उरली होती, आणि तिच्याही कडा गुलाबी व्हायला लागल्या होत्या.

"पुसा की," ती म्हणाली. "पण लवकर छापा. तो वर येतो."